तेलपिसं

आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. मासा मी आजवर तोंडात घातलेला नाही आणि घालायची इच्छाही नाही. तरी गेली काही वर्षं हिवाळ्यातल्या शनिवार-रविवारी मी मागच्या अंगणातल्या शेडमध्ये बसून मेलेल्या बदकांची पिसं गळाला बांधतो. त्यांच्या खोट्या माश्या होतात आणि त्या खऱ्या समजून ट्राउट मासे गळाला लागतात. पुण्यातल्या मित्रांना हे सांगितलं की ते आधी हसतात आणि मग काळजीच्या सुरात विचारतात, तुझं सगळं ठीक आहे ना. इथले मराठी लोक ऐकून घेतात आणि गणपतीच्या कार्यक्रमाचा विषय काढतात. बायकोचं म्हणणं असं, की नाद करायचाच तर माणसाने चार लोकांत सांगता येईल असा करावा. मला तिच्याशी वादही घालता येत नाही आणि नादही सोडता येत नाही.

सुरुवात शेजारच्या डॉक्टरांमुळे झाली. ते दातांचे डॉक्टर, आता निवृत्त, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. आयर्लंडमधल्या कॉर्क हार्बरच्या काठी आमची घरं शेजारी शेजारी आहेत, मधे एक बुटकी भिंत. आम्ही नवीन राहायला आलो होतो तेव्हा एका दुपारी त्यांनी भिंतीवरून हाक मारली आणि विचारलं, जरा दोन मिनिटं हात देतोस का. मला वाटलं, कपाट हलवायचं असेल. त्यांच्या शेडमध्ये गेलो तर टेबलाला लावलेल्या चिमुकल्या शिकंज्यात एक गळ अडकवलेला होता, इतका लहान की आधी मला दिसलाच नाही. त्यांचे हात थरथरायला लागले होते. जन्मभर लोकांच्या तोंडात नेमक्या जागी सुई टोचलेल्या माणसाला दोऱ्याची शेवटची गाठ मारता येत नव्हती. ती मी मारली. ती दोन मिनिटं अजून संपलेली नाहीत.

त्यांची सगळी हत्यारं दवाखान्यातलीच होती. दात खरवडायची आकडी, कापूस धरायचा चिमटा, डोक्यावर ओढायचा दिवा. मी नोकरीला रिंगास्किडीला, औषधांच्या कारखान्यात. तिथे दिवसभर डोक्याला जाळी, दाढीला जाळी, बुटांवर पिशव्या. एक केस सापडला तर अख्खी बॅच अडकते आणि केस कोणाचा यावर मीटिंग बसते. अशा ठिकाणाहून सुटून आलेला माणूस संध्याकाळी बदकाच्या पिसांत नाक खुपसून बसला, तर त्यात मला तरी काही विचित्र वाटत नाही. कशाचा तरी उतारा लागतोच.

पीस आणि पीस यांत फरक असतो हे मला चाळिशीत कळलं. हिरव्या डोक्याच्या बदकाच्या खांद्यावरचं तांबूस पीस एका माशीचे पंख करायला, छोट्या टील बदकाच्या बगलेतलं काळ्या-पांढऱ्या रेघांचं पीस दुसऱ्या माशीला. पण डॉक्टरांचा जीव होता तो वेगळ्याच पिसांवर. बदकाच्या शेपटीच्या मुळाशी तेलाची एक गाठ असते. बदक चोचीने तिथलं तेल घेतं आणि स्वतःच्या अंगाला चोळत बसतं, म्हणून ते पाण्यात राहूनही भिजत नाही. त्या गाठीभोवतीची पिसं तेलातच वाढतात. म्हातारीच्या कापसासारखी भुरभुरीत, फिकट करडी, बोटाला जराशी तुपकट लागणारी. त्यांची केलेली माशी पाण्यावर तरंगते. त्यांचं फ्रेंच नाव मला धड उच्चारता येत नाही, म्हणून मी त्यांना तेलपिसं म्हणायला लागलो आणि माझं ऐकून डॉक्टरही म्हणायला लागले, त्यांच्या कॉर्कच्या हेलात. एका बदकाची मिळून चिमूटभर निघतात.

अशी पिसं दुकानात पाकिटातही मिळतात. पण डॉक्टरांसमोर पाकिटाचं नाव काढायची सोय नव्हती. त्यांचा नियम ठरलेला होता: जे बदक आपण मारलं आणि खाल्लं, त्याचंच पीस वापरायचं. पिसासाठी बदक मारायचं नाही, आणि मारलेल्या बदकाचं पीस फेकायचं नाही. मारून झाल्यावर कसले आलेत नियम, असं मला वाटायचं. बोललोही एकदा. ते म्हणाले, मारून झाल्यावरच तर लागतात.

एका हिवाळ्यात मी त्यांच्याबरोबर गेलो. हार्बरच्या आतल्या बाजूला भरतीचं पाणी ओसरलं की नुसता चिखल राहतो, तिथे दिवस मावळताना आम्ही वेतासारख्या उंच गवतात बसून राहिलो. थंडीने माझे कान बधिर झाले होते आणि आपण इथे का आलो याचं एकही कारण मला आठवत नव्हतं. मग डोक्यावरून शिट्टीसारखा पंखांचा आवाज गेला, बंदुकीचा बार झाला आणि एक पक्षी आकाशातून निखळून पडला. त्यांच्या कुत्र्याने तो आणला. डॉक्टरांनी तो माझ्या हातात दिला. तो गरम होता. मला फार वाईट वाटलं आणि ते मी लपवलं नाही. डॉक्टर म्हणाले की वाटायलाच पाहिजे, ज्या दिवशी वाटणार नाही त्या दिवशी मी बंदूक ठेवून देईन. मला ते वाक्य जरा पाठ केलेलं वाटलं. पण घरी आल्यावर ते ज्या मायेने एकेक पीस सोडवून, जातवार लावून ठेवत बसले, ते बघून मी तो शेरा मनातून मागे घेतला. मी दूध पितो, चामड्याचा पट्टा बांधतो, आणि यात कुठे कोणाचं काय गेलं हे मला बघावं लागत नाही. ही सोय त्यांनी स्वतःला दिलेली नव्हती. शिकार मला पटली असं मी अजूनही म्हणणार नाही. माणूस मात्र पटला.

मागच्या हिवाळ्यात त्यांनी बंदूक खरंच ठेवून दिली, पण वाईट वाटायचं थांबलं म्हणून नव्हे. डोळ्यांमुळे. नजरेच्या मधोमध एक डाग आला होता आणि तो पसरत होता. कडेने दिसायचं. तुझा चेहरा दिसत नाही, पण दोन्ही कान दिसतात, असं ते मला हसत सांगायचे. गाडी चालवणं बंद झालं. बंदूक जमा करायला गार्डा स्टेशनवर, म्हणजे इथल्या पोलीस चौकीत, मीच त्यांना घेऊन गेलो, आणि येताना ते सबंध रस्ता हवामानावर बोलत होते. त्याच्या थोडं आधी, शिकारीचा मोसम संपता संपता, त्यांनी शेवटची दोन बदकं मारली होती. कशी मारली ते देव जाणे, आवाजावरच असणार. त्या दोन्हींची तेलपिसं त्यांनी झिपच्या पिशवीत घालून माझ्या हवाली केली. हात थरथरतात आणि डोळे गेले, तेव्हा आता सगळी बांधणी माझ्याकडेच होती.

"मे महिन्यात मला बॅन्डन नदीवर ने," ते म्हणाले. "काळ्या पाण्यावर या पिसांचा फिकट ठिपका मला डोळ्याच्या कडेने अजून दिसतो. पुढच्या वर्षी दिसेल की नाही, माहीत नाही. माझ्या बदकांच्या माश्या मला एकदा पाण्यावर बघायच्या आहेत."

मी म्हणालो, ग्रँड. इथे नुसत्या 'ठीक आहे'लाही ग्रँडच म्हणतात, आणि राहून राहून माझंही सगळंच ग्रँड असतं. पण मनातून मला त्या पिशवीचं ओझं वाटायला लागलं. बंदूक गेली होती. दुसरी बदकं मिळणार नव्हती. घरी येऊन मी ती पिशवी शेडमध्ये रंगाच्या डब्यांमागे ठेवली, कोणाचा हात लागू नये म्हणून.

एप्रिलमध्ये आई आली.

बाबा जाऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती. ते कराडला गेले, झोपेत. मी विमानं बदलत पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. फाटकातून आत शिरलो तर अंगणातल्या दोरीवर त्यांचे शर्ट, पँटी, बनियन, लेंगे, रुमालसुद्धा वाळत घातलेले. आमच्याकडची रीतच ती. गेलेल्या माणसाचे कपडे धुवायचे आणि देऊन टाकायचे. आणि आई जे करते ते आईच्या पद्धतीने होतं, म्हणजे गरम पाणी, सोडा आणि ब्रश. मी एक शर्ट ओढून नाकाशी नेला. साबणाचा वास आला. दहाव्याच्या आत ते कपडे गेलेही.

त्याच्या आदल्या वर्षी ते दोघं इथे येऊन राहिले होते. बाबा ऐन जूनमध्ये जवळच्या कोव गावच्या धक्क्यावर माकडटोपी घालून फिरायचे. माझ्या मुलीने त्यांच्यासोबत चालायला नकार दिला, तरी टोपी उतरली नाही. रोज सकाळी ब्राह्मीचं तेल डोक्यावर थापायचं आणि वर ती टोपी चढवायची. जाताना ती इथेच विसरली. बाबा गेल्यावर मी ती झिपच्या पिशवीत घातली, पिसांची पिशवी बंद करताना हवा दाबून काढतो तशी काढली, आणि माझ्या कपाटात अगदी वरच्या फळीवर ठेवून दिली. कधी फारच आठवण आली तर पिशवी बोटभर उघडतो, एक श्वास घेतो आणि बंद करतो. हे बायकोला माहीत आहे. आईला सांगितलेलं नव्हतं. तिच्या हाती टोपी लागली तर ती धुतली जाणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

कारण आईला घाण बघवत नाही आणि तिच्या लेखी घाण सगळीकडे असते. पहिल्या आठवड्यात पडदे निघाले. मग स्वयंपाकघरातली कपाटं, ज्यांना इथे प्रेस म्हणतात, ती रिकामी होऊन पुसली गेली. मुलीच्या खोलीतले मऊ अस्वल-ससे एका रांगेत दोरीवर कानांनी लटकले. मुलगी इंग्रजीतून चिडली, आईने मराठीतून समजूत घातली, आणि दोघींना एकमेकींचं सगळं कळलं. मला खरं तर बरं वाटत होतं. बाबा गेल्यापासून फोनवर आईचा आवाज पोकळ यायचा. इथे ती बादली घेऊन फिरत होती, म्हणजे ठीक होती.

एक दिवस कामावरून आलो तर अंगणातल्या दोरीवर एक झिपची पिशवी दिसली. धुऊन, उलटी करून, चिमट्याने लटकवलेली, तळाशी पाण्याचा थेंब जमलेला.

मी बूटसुद्धा न काढता जिना चढलो. कपाट उघडलं, वरच्या फळीवर हात घातला. टोपीची पिशवी होती. जशीच्या तशी, बंद. मी तिथेच पलंगावर बसलो. मला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. आणि मग लक्षात आलं की दोरीवर पिशवी आहे ती आहेच, आणि घरात अशी दुसरी पिशवी एकच होती.

खाली स्वयंपाकघरात ताटात मलमलचं फडकं अंथरून आईने तेलपिसं वाळत घातली होती. उडू नयेत म्हणून वर पिठाची चाळण पालथी घातली होती. मी एक पीस उचललं. छान पांढुरकं, कोरडं, हलकं. बोटाला काही लागलं नाही.

आई खूश होती. शेडमध्ये झाडताना मिळाली म्हणाली. किती तेलकट झाली होती, वाससुद्धा येत होता, गरम पाण्यात सोडा घालून दोनदा काढली तेव्हा कुठे मोकळी झाली. माझ्या चेहऱ्याकडे बघून तिने पुढचं सांगितलं. "तू ते बांधताना दोरा दातात धरतोस. मी बघितलंय की. त्या पाखरांचे कपडेच ते. मेलेल्याचे कपडे धुतल्याशिवाय कोण अंगाला लावतं का?"

मला राग आला होता, भयंकर आला होता. आईवर चिडण्याचा उपयोग नसतो आणि न चिडता राहणंही शक्य नसतं, ही माझी लहानपणापासूनची अडचण आहे. मी इतकंच म्हणालो की ती डॉक्टरांची होती, आणि अंगणात जाऊन ती पिशवी काढून आणली. कारखान्यात अशी चूक झाली असती तर कोणाची चूक ते मी पाच मिनिटांत ठरवलं असतं. इथे मला काहीच ठरवता येईना. स्वच्छता मला तिनेच शिकवली, तिच्याच जोरावर मी तिथे नोकरी करतो, आणि त्या पिसांची किंमत तिला कोणी सांगितलीच नव्हती.

डॉक्टरांना मी सांगतो म्हणालो, पण आईने ऐकलं नाही. ज्याने केलं त्याने सांगायचं, असं तिचं म्हणणं. तिने डब्यात बेसनाचे लाडू भरले आणि ती माझ्या पुढे चालायला लागली. डॉक्टरांच्या स्वयंपाकघरात तिने पिसांची पिशवी आणि लाडवांचा डबा शेजारी शेजारी ठेवले आणि मला म्हणाली, मी काय केलं ते त्यांना इंग्रजीत सांग. मी सांगितलं. डॉक्टरांनी पिशवीत हात घालून एक पीस काढलं आणि अंगठा आणि बोटात धरून चोळलं. मग दुसरं चोळलं. मला वाटलं, आता म्हणतील, काही हरकत नाही. ते तसं म्हणाले नाहीत.

"काम मात्र चोख केलंय तिने," ते म्हणाले. "बांध यांच्याच माश्या."

मी पाकिटाचं सुचवलं नाही. वरून लावायचं तेल बाटलीत मिळतं, ते मात्र सुचवलं. त्यांनी मान हलवली. ते दुसऱ्याच कोणाचं तेल, म्हणाले. मग लाडू घेतला.

मे महिन्यात एका शनिवारी संध्याकाळी मी डॉक्टरांना बॅन्डनवर घेऊन गेलो. आईही आली. मी म्हटलं, चिखल असेल, थंडी असेल. ती म्हणाली, मला बघायचंय. नऊवारीवर माझं जाड जाकीट चढवून ती काठावर घडीच्या खुर्चीत बसली, गुडघ्यांवर हात ठेवून, कीर्तनाला बसते तशी. ऊन तिरपं झालं होतं, पलीकडच्या झाडांच्या सावलीत पाणी काळं दिसत होतं आणि त्यावर खऱ्या माश्या उडत होत्या. मी बांधलेली माशी गळाच्या दोरीला लावून दिली. डॉक्टरांचे हात गाठीला थरथरतात, पण गळाच्या छडीने दोरी फेकताना थरथरत नाहीत, हे मला कधीच कळलेलं नाही.

माशी पाण्यावर पडली. फिकट ठिपका दिसला, थोडा वाहत गेला. मग त्याने पाणी प्यायलं आणि तो बुडाला.

"दिसली?" मी विचारलं.

"दिसली," ते म्हणाले. "आता नाही."

त्यांनी ती परत परत टाकली. दर वेळी मान वळवून, डोळ्याच्या कडेने ते पाण्याकडे बघायचे, आणि दर वेळी तेच व्हायचं. मग त्यांनी नाद सोडला, माशी बुडू दिली आणि दोरी बोटांत धरून नुसते उभे राहिले. एकदा दोरीला ओढ लागली, त्यांचा खांदा हलला, मासा सुटला. ते हसले, हाताला तरी लागला म्हणाले. बुडालेल्या माशीवरही मासे येतात, उलट जास्त येतात, हे सगळं खरं आहे. यातून काही तरी चांगलंच झालं असं लिहायला मला आवडलं असतं. पण ते मासा धरायला आलेच नव्हते. ते बघायला आले होते, आणि पापणी लवेपर्यंतच त्यांना बघायला मिळालं.

थोड्या वेळाने ते काठावर येऊन आईशेजारी बसले आणि मी थर्मासमधला चहा ओतला. आईने मला विचारायला सांगितलं, की माझ्या धुण्याने ती बुडते का. डॉक्टरांनी हो म्हटलं. उगाच गोड बोलायची त्यांना सवय नाही. मग त्यांनी तिला त्या गाठीचं सांगितलं, बदक चोचीने तेल घेऊन कसं पिसापिसाला लावतं ते स्वतःच्या कोटावर हात फिरवून दाखवलं, आणि मी मराठीत सांगत गेलो. आई चहाचा कप तसाच धरून ऐकत होती.

"म्हणजे ते तेल त्याचं स्वतःचंच होतं," ती म्हणाली.

"हो."

"जन्मभर लावत होतं तेच."

"तेच."

"आणि धुतलं की गेलं. परत नाही येत."

मी नाही म्हणालो. डॉक्टरांनी विचारलं, ती काय म्हणते. मी म्हटलं, तिला कळलं. ते उठले आणि अंधार नव्हता तरी म्हणाले, चला, पुरे आता. जाताना त्यांनी दोरीची माशी सोडवून घेतली, फुंकर मारून वाळवली आणि स्वतःच्या टोपीच्या कडेला खोचली.

गाडीत डॉक्टर मागे डुलक्या घेत होते. आई पुढे, माझ्या शेजारी. ती एरवी गाडीत बसली की प्रत्येक घराच्या बागेवर मत देते. त्या दिवशी घरं येत होती आणि जात होती. घराअलीकडचं कॅरिगलाइन गाव जवळ आलं तेव्हा ती समोर बघत बोलली.

"तुझ्या बाबांचे कपडे पण मी असेच धुतले. दुसऱ्याच दिवशी." मग म्हणाली, "एक पण ठेवला नाही. नंतर शोधलं मी घरभर. उशीचा अभ्रासुद्धा धुतला होता."

मला वाटत होतं की तिला ते कधी जाणवलंच नाही. दोन वर्षं मी तिच्यावर मनातून रुसून होतो, त्या दोरीवरच्या शर्टांसाठी, आणि ती तिकडे एकटी घरभर नाक लावून फिरत होती. मी गिअर बदलला, जरूर नव्हती तरी.

घरी आलो. डॉक्टरांना त्यांच्या दारापर्यंत सोडलं. बाहेर अजून उजेड होता. बायको आणि मुलगी खाली टीव्हीसमोर होत्या. मी आईला वर ये म्हणालो. कपाट उघडलं, वरच्या फळीवरची पिशवी काढली आणि तिच्या हातात दिली. प्लास्टिकमधूनच तिने ओळखली.

"ही इथं राहिली होय," ती म्हणाली. "मी तिकडं ट्रंका उपसल्या."

कसं करायचं ते मी तिला सांगितलं. सगळी उघडायची नाही. बोटभर उघडायची, एकच श्वास घ्यायचा, लगेच लावायची. ती पलंगाच्या कडेवर बसली. पिशवी बोटभर उघडून तिने चेहऱ्याशी धरली. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. तिने फक्त दुसरा श्वास घेतला, मी एकच म्हटलं होतं तरी, आणि मग पिशवी मांडीवर ठेवून तळहाताने हळूहळू दाबत आतली हवा काढली, झिप लावली, लागली की नाही ते नखाने दोनदा तपासलं.

मी म्हणालो, ही तुझीच आहे, जाताना कराडला घेऊन जा. मला आधीच द्यायला हवी होती.

तिने पिशवी माझ्या हातात परत दिली.

"नको," ती म्हणाली. "तिथं मी एकटी असते. एखाद्या दिवशी मला राहवणार नाही, धुऊन टाकीन मी. तुझ्याकडंच असू दे."

मी पिशवी वरच्या फळीवर ठेवली. ती खाली उभी राहून, नीट आत सरकवली का ते बघत होती.